साधा दिवस, पाण्याचा दिवस, पुण्याचा दिवस

ही एका वेळापत्रकाची गोष्ट. त्यातला मुलगा २४ वर्षांचा. सोलापुरातल्याच एका कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई. झाला, कॅम्पसमधून नोकरी लागली नाही, आणि त्यालाही आता वर्ष उलटून गेलं होतं. घरात सगळे त्याला धाकटा म्हणतात. इथंही तेच म्हणतो. घर पूर्व भागात. खाली चार यंत्रमागांचा कारखाना, वर तीन खोल्या, त्यातली शेवटची पत्र्याची, ती याची. अप्पा टॉवेल विणतात, व्यापाऱ्याच्या सुतावर, मजुरीनं. आई त्याच टॉवेलांची शिलाई करते. दादा लग्न करून पुण्याला गेला, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे.

धाकट्याला एम्बेडेडमध्ये जायचं होतं, म्हणजे गाडीतल्या, विजेच्या मीटरमधल्या, वॉशिंग मशीनमधल्या चिपवर चालणारे प्रोग्राम लिहिण्याच्या कामात. मी तोच विषय शिकवतो. पण एप्रिलमध्ये तो माझ्याकडे आला तो शिकायला नाही, वेळापत्रक तपासून घ्यायला. "प्लॅन एकदम बरोबर आहे की सर. पण होईना बे," असं म्हणाला आणि जीभ चावली. सोलापुरात 'बे' तोंडातून कुणासमोर निघेल याचा नेम नाही.

वेळापत्रक देखणं होतं. एक्सेलमध्ये, रंग भरून. पाचला उठणे. सहा ते नऊ सी प्रोग्रॅमिंग. साडेनऊ ते साडेबारा मायक्रोकंट्रोलर. दोन ते चार डेटा स्ट्रक्चर. साडेचार ते सहा ॲप्टिट्यूड. सहा ते सात गिटार. सात ते नऊ इंग्रजी बोलण्याचा सराव. दहा ते साडेअकरा नोकरीचे अर्ज. रविवारचा रकानाही तसाच. त्यात नळाचं पाणी नव्हतं, खालचा कारखाना नव्हता, सोलापूरचा उन्हाळा नव्हता. हा तक्ता नाशिकच्या मुलाचा असता, लातूरच्या मुलीचा असता, तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. तीन महिन्यांत त्यानं तो पाच वेळा नव्यानं केला होता. प्रत्येक वेळी सोमवारपासून.

मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला. आठवडाभर काहीही सुधारायचं नाही, फक्त दर अर्ध्या तासाला खरंच काय चाललं होतं ते वहीत लिहायचं, आणि काम मध्येच तुटलं तर कशामुळे तुटलं तेही. मुलं सरांना दाखवायच्या वहीत अभ्यास वाढवून लिहितात, म्हणून आईलाही विचारणार आहे एवढं आधीच सांगून ठेवलं.

वहीत काय निघालं

पाचला उठणं एकदाही नाही. कारण रात्रीच्या शेवटच्या रकान्यात नोकरीचे अर्ज होते, ते साडेअकराला संपत नव्हते. नोकरीच्या ॲपवर एका बोटानं अर्ज जातो, त्यामुळे एका बैठकीत तीस-चाळीस ठिकाणी एकच रेझ्युमे जायचा. मग कुणी प्रोफाइल पाहिलं का ते बघायचं, मग बरोबरच्या मुलांना कुठं लागलं ते बघायचं, मग रील. झोपायला एक. मग सहा ते नऊचं सी प्रोग्रॅमिंग साडेसातला सुरू व्हायचं आणि पहिली वीस मिनिटं रात्रीच्या अर्जांना काही उत्तर आलंय का हे पाहण्यात जायची. उत्तर नसलं तर मन उतरलेलं. 'सध्या आपला विचार करू शकत नाही' असं उत्तर आलं तर सकाळच गेली.

साडेनऊ ते साडेबारा या वेळात खालून हाका. बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) उचलायला ये, कांड्या भर, गठ्ठा व्यापाऱ्याकडे पोचव, महावितरणचं बिल भर. अप्पांच्या बाजूनं पाहिलं तर यात काही चूक नव्हतं. लॅपटॉपपुढे बसलेला मुलगा आणि रिकामा मुलगा यातला फरक जिन्याखालून दिसत नाही.

दोन ते चार झोप. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा अनेकदा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल ते ज्यांनी तिथं दुपार काढलीय त्यांना सांगायला नको. धाकट्यानं या रकान्यात रोज 'आळस' लिहिलं होतं. मी ते खोडून 'पत्रा' लिहिलं. याला आळस म्हटलं की उपाय म्हणून निश्चय सुचतो. पत्रा म्हटलं की खाली जायचं सुचतं.

त्या आठवड्यात नळाला दोनदा पाणी आलं, एकदा मध्यरात्रीनंतर. सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो: उजनी धरण जिल्ह्यातच आहे, पण शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की घरातला प्रत्येक हात लागतो. एक मोटारीपाशी, एक टाकीपाशी, एक बॅरल-हंड्यांपाशी. तास-दीड तास भरणं, आणि रात्री आलं असेल तर पुढचा अख्खा दिवस पेंगणं.

गिटार शून्य. मात्र रोज रात्री सव्वाआठ ते साडेनऊ या वेळात वहीत एक नोंद होती, तिच्यापुढे कंसात 'टाइमपास' असं लिहिलेलं. भागातल्या एका साउंडवाल्याच्या दुकानात तो बसायचा. मंडळांचे, लग्नाचे ॲम्प्लिफायर तिथं दुरुस्तीला येतात. हा ते उघडून बसायचा. चहा, गप्पा, सोल्डरिंग. एक दिवसही चुकलेला नव्हता. म्हणजे याला छंद होता, सवय होती, नेम होता. फक्त तक्त्यात त्याची जागा गिटारनं अडवली होती. गिटार का, असं विचारल्यावर म्हणाला, "हॉबी म्हणून काहीतरी लिहावं लागतंय ना सर."

आणखी एक गोष्ट वहीतून निघाली, ती मला अपेक्षित नव्हती. मागांचा आवाज. मी धरून चाललो होतो की खाली चार माग खडखडत असताना अभ्यास होतच नसणार, आणि त्याला अभ्यासिकेत जागा बघ म्हणून सांगणार होतो. वहीप्रमाणे उलटं होतं. माग चालू असतानाच त्याचं लक्ष लागायचं, बंद पडले की तो डोकं वर काढायचा. त्या आवाजातच तो वाढलाय. अडचण यायची ती फोनची. कंपनीच्या एचआरचा फोन अकरा ते पाचमध्ये येतो, त्याच वेळी खाली माग चालू. हा "हॅलो, हॅलो, जरा थांबा मॅडम" म्हणत गच्चीवर पळायचा, तोवर पलीकडून फोन ठेवलेला. दोन कॉल त्यानं असे घालवले होते, आणि दोन्ही 'कमनशिब' या नावाखाली नोंदलेले.

कोण ठरवतं

वही समोर ठेवून आम्ही त्याच्या दिवसातल्या सगळ्या कामांची एकाच प्रश्नावर वाटणी केली: हे काम कधी होणार हे कोण ठरवतं?

पाणी महापालिका ठरवते. माग अप्पा ठरवतात: सकाळी आठला सुरू, दुपारी तासभर बंद, रात्री आठला थांबतात. एचआरचा फोन एचआर ठरवते. साउंडवाल्याचं दुकान गिऱ्हाइकं आवरल्यावर, म्हणजे आठनंतर मोकळं. मंडळाच्या लेझमीचा सराव मंडळ ठरवतं. अभ्यास कधी करायचा हे मात्र एकटा धाकटा ठरवतो.

त्याच्या जुन्या तक्त्यात अभ्यास पहिल्यांदा भरला होता आणि बाकीचं उरलेल्या फटींत कोंबलं होतं. सगळीकडे असाच सल्ला देतात, महत्त्वाचं आधी लिहा. मला तो या घरासाठी चुकीचा वाटतो. जे दुसऱ्यानं ठरवलंय ते हलत नाही, अभ्यास हलतो. मग रोजच्या टकरीत अभ्यासच मार खातो आणि मुलगा स्वतःला नालायक समजायला लागतो. म्हणून आम्ही उलट्या क्रमानं भरलं. आधी माग, पाणी, दुकान. मग फोनची वेळ. आणि उरलेल्या जागेत अभ्यास: थोडा, पण ज्याला दुसऱ्या कुणाचा धक्का लागणार नाही असा.

थोडा म्हणजे किती, यावर आमचं वाजलं. त्याला आठ तास हवे होते. मी साडेतीनवर अडून बसलो, कारण वहीत खरा अभ्यास दोन तासांच्या आसपासच भरत होता.

वारांची भाषा आम्ही सोडून दिली. या घरात सोमवार आणि गुरुवार यात काही फरक नाही. फरक आहे तो पाणी आलेल्या आणि न आलेल्या दिवसात. म्हणून तीनच प्रकारचे दिवस धरले.

साधा दिवस. सहाला उठायचं. साडेसहा ते नऊ नवीन अभ्यास, फोन आईच्या खोलीत. या वेळात कुठलीही एचआर फोन करत नाही, त्यामुळे काही हुकण्याची भीती नाही. हे त्याला वहीतल्या नोंदी दाखवून पटवावं लागलं. नऊ ते अकरा कारखान्याचं काम. अकरा ते एक नोकरीचं काम, आत्याच्या घरी. आत्या पलीकडच्याच गल्लीत राहते, तिच्याकडे माग नाहीत. दुपारी जेवून खालच्या खोलीत झोप, लाजायचं नाही. चार ते पाच उजळणी. पुढे परत गठ्ठ्यांची ने-आण. सव्वाआठला दुकान. साडेदहाला झोप.

पाण्याचा दिवस. नवीन काही शिकायचं नाही. जुन्या वहीतले प्रश्न, एखादं सर्किट नीटनेटकं करणं, बास. रात्री पाणी आलं असेल तर सकाळचा अभ्यास तासभराचा, आणि तो बुडाला असं मानायचं नाही.

पुण्याचा दिवस. मुलाखतीचा किंवा वॉक-इनचा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस किंवा वंदे भारत, संध्याकाळी परत. गाडीत स्वतःच्या हातच्या नोट्सशिवाय काही उघडायचं नाही. व्हिडिओ तर नाहीच, मध्ये मध्ये रेंज जाते आणि जीव टांगणीला लागतो. मुलाखत झाल्यावर स्टेशनवर बसून विचारलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढायचे. घरी पोचेपर्यंत निम्मे विसरलेले असतात.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं १९९९ मधलं काम या धाटणीचं आहे: 'अमुक करीन' असं मोघम ठरवण्यापेक्षा 'अमुक घडलं की तमुक करीन' असं बांधून ठेवलं तर माणूस ते पार पाडण्याची शक्यता बरीच वाढते. धाकट्याच्या घरात तशा घटना ओळीनं पडलेल्या होत्या. दुपारचे माग थांबले की फोन तपासायचा. रात्रीचे माग थांबले की चप्पल घालून दुकानात. गजराची गरज फक्त सकाळी.

अप्पांशी बोलणं

हा भाग राहिला असता तर बाकीचं सगळं कागदावरच राहिलं असतं. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही, आणि तासभर इकडचं-तिकडचं. अप्पांचं म्हणणं सरळ होतं: महावितरणची भरती निघते, महापारेषणची निघते, तिकडे फॉर्म भर म्हटलं तर ऐकत नाही, आणि घरात बसतोय तर हाताला हात लावला तर काय बिघडलं?

मी एम्बेडेडची थोरवी गायली नाही. एवढंच विचारलं, की कारखान्यात तुम्हाला तो दिवसात किती वेळ हवा? त्यांनी हिशेब केला. दोन-अडीच तास. मग ते दोन-अडीच तास ठरलेल्या वेळी पक्के मिळतील, आणि बाकी वेळी हाक मारायची नाही, चालेल? त्यांना ते लगेच चाललं. किंबहुना त्यांना तेच हवं होतं; 'येतो, येतो' म्हणून अर्ध्या तासानं येणाऱ्या मुलाला तेही कंटाळले होते. महावितरणचा फॉर्म भरायचं धाकट्यानं कबूल केलं. मला ते बरंच वाटलं.

निघताना मी सांगितलं की पोरगं एक दिवस चुकलं की सगळा तक्ता फाडून सोमवारपासून नवा करतं. अप्पा हसले. म्हणाले, "सूत तुटलं तर माग थांबवून तिथंच गाठ मारतेत. कोणी बीम पहिल्यापासून भरतंय का?" धाकटा मान खाली घालून बसला होता. त्यानंतर तक्ता नव्यानं झाला नाही.

नोकरीचं काम

अकरा ते एक या वेळेत काय करायचं हेही बांधून घ्यावं लागलं. नाहीतर ते दोन तासही स्क्रोल करण्यात गेले असते. दिवसाला तीस अर्ज बंद. आठवड्याला आठ-दहा, पण प्रत्येक जाहिरात पूर्ण वाचून. रेझ्युमे दोन केले: एक फर्मवेअर, म्हणजे चिपवरचे प्रोग्राम, लिहिण्याच्या कामासाठी, एक बोर्ड टेस्टिंगच्या कामासाठी. त्याला दुसरा कमीपणाचा वाटत होता. पण नव्या मुलाला कोरा प्रोग्राम लिहायला देणाऱ्या कंपन्या थोड्या असतात, आणि बोर्ड तपासण्याच्या कामातून आत शिरलेले अनेक मुलगे पुढे तिकडे सरकलेले मी पाहिले आहेत.

एक लांबट वही केली. कंपनी, जाहिरात कुठं दिसली, कुठला रेझ्युमे गेला, तारीख, कोण ओळखीचं. आठवड्यानं एकदा आठवणीचा मेल, त्यानंतर ओळ मारायची आणि विसरायचं. ही ओळ मारणं मला अर्ज करण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण आधीचे शेकडो अर्ज त्याच्या डोक्यात अजून उघडे होते. कॉलेजमधले दोन वर्षं पुढचे मुलगे हिंजवडीला, भोसरीला कामाला आहेत; त्यांच्याकडे 'जॉब असेल तर सांग' असा मेसेज टाकण्याऐवजी 'तुमच्याकडे बोर्ड कुठला वापरतात, मुलाखतीत काय विचारतात' असं विचारायला लावलं. नोकरी मागणाऱ्याला लोक टाळतात, कामाबद्दल विचारणाऱ्याशी अर्धा तास बोलतात.

मे महिन्यात एक फोन आला. निवड झाली आहे, लॅपटॉपची अनामत म्हणून काही हजार भरा. धाकटा भरायच्या बेतात होता, दादानं फोनवरच झापलं. निवड करून पैसे मागणारा भामटाच असतो हे याला माहीत होतं, पण वर्षभर थांबलेल्या माणसाला माहीत असलेलंही सुचत नाही. पैसे गेले असते तर १९३० वर लगेच फोन करायचा, हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक आहे. भिंतीवर लिहून ठेवायला सांगितला.

अभ्यास तासांनी मोजायचा नाही

सकाळचे अडीच तास. त्यात 'मायक्रोकंट्रोलर शिकणे' असं लिहिलं तर रोज व्हिडिओ बघून होतात आणि हातात काही येत नाही. म्हणून प्रत्येक कामाला संपल्याची खूण ठरवली, आणि ती खूण बोर्डानं किंवा मीटरनं द्यायची, मनानं नाही. त्याच्याकडे एसटीएम३२एफ१०३ चिपचा स्वस्तातला निळा बोर्ड होता. पहिलं काम: सिरियल पोर्टवरून लॅपटॉपच्या पडद्यावर सेकंदाला ११५२०० बिटांच्या वेगानं स्वतःचं नाव यायला हवं. दुसरं: आयटूसीवर, म्हणजे चिप आणि सेन्सर यांच्यातल्या दोन तारांच्या जोडणीवर, तापमानाचा सेन्सर लावून आकडा वाचायचा, दोन्ही तारांना ४.७ किलोओहमचे पुलअप रेझिस्टर लावलेले पाहिजेत. तिसरं: दोन बोर्ड कॅन बसवर बोलायला हवेत. कॅन म्हणजे बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढे आणलेली, गाड्यांमध्ये वापरली जाणारी संदेशांची पद्धत. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत तर प्रोग्रामकडे वळायचंच नाही. चौथं: फ्रीआरटॉसवर, म्हणजे छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, दोन टास्क आणि त्यांच्यामध्ये निरोपांची एक रांग, म्हणजे क्यू.

सेन्सरच्या कामाला त्यानं दोन दिवस धरले होते, आठवडा लागला. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस बहुतेकदा कमीच धरतो, मागच्या वेळी चुकला असला तरी. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं होतं. आम्ही साधा नियम केला: तो सांगेल त्याच्या दुप्पट लिहायचं. जुलैपर्यंत दुप्पटही कमी पडत होतं, मग तीन कामं करून चौथं पुढं ढकललं. डेटा स्ट्रक्चर आणि ॲप्टिट्यूड चार ते पाचच्या उजळणीत, आलटून पालटून. इंग्रजी बोलण्याचा सराव वेगळा ठेवलाच नाही.

जुलैतली मुलाखत

पुण्याचा पहिला दिवस जुलैत आला. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत विचारलं, इंटरप्ट रूटीनमध्ये, म्हणजे मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या तुकड्यात, बदलणाऱ्या व्हेरिएबलपुढे सी मध्ये 'व्होलटाइल' हा शब्द का लिहायचा? याला व्याख्या पाठ होती, ती सांगितली. समोरच्यानं कागद पुढे केला: न लिहिता काय बिघडेल ते दाखव. इथं तो अडला. तो शब्द नसेल तर कंपायलर ती किंमत एकदा रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या हाताशी असलेल्या छोट्या जागेत, उचलून ठेवतो आणि लूपमध्ये तीच वाचत राहतो, बाहेर ती बदलली तरी प्रोग्रामला पत्ता लागत नाही. हे त्यानं वाचलं होतं, पण घडताना पाहिलं नव्हतं.

स्टेशनवर लिहिलेल्या कागदावर हा प्रश्न सगळ्यात वर होता. परत आल्यावर त्यानं तो प्रोग्राम मुद्दाम चुकीचा लिहिला, ऑप्टिमायझेशन चालू केलं आणि लूप अडकलेला पाहिला. तेव्हापासून चार ते पाचची उजळणी बदलली. नोट्स वाचायच्या नाहीत; वही मिटून प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं द्यायचं, कागदावर काढून दाखवायचं, मग वही उघडायची. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगांत असंच दिसलं होतं: लगेच परीक्षा असेल तर पुन्हा वाचलेलं उपयोगी पडतं, पण आठवड्यानं विचारलं तर स्वतः आठवून काढलेलं जास्त टिकलेलं असतं. आईला सुरुवातीला वाटलं की पोरगं एकटंच बडबडायला लागलं. मग तीच शिलाई करता करता समोरच्या चिठ्ठ्यांमधला प्रश्न वाचून दाखवू लागली. एक चिठ्ठी वाचताना म्हणाली, "पॉइंटर म्हणजे पत्ताच की रे, मग एवढं काय अवघड?" बरोबर आहे.

ऑगस्ट

सोलापूरचा गणपती म्हणजे लेझीम. मिरवणुकीत मंडळांचे ताफे उतरतात, आणि त्याआधी कितीतरी रात्री मैदानात, रस्त्यावर सराव चालतो. धाकटा एका रांगेच्या पुढे असतो. तो चुकला तर मागची पंधरा मुलं चुकतात. सराव रात्री आठला सुरू होतो आणि अकराच्या आत सहसा संपत नाही. सहाला उठणं या काळात अशक्य.

त्यानं मला विचारलं, यंदा नको का जाऊ? घरचे 'जा' म्हणत होते, दादा 'नोकरी लागेपर्यंत बंद' म्हणत होता. माझं मत स्पष्ट होतं. वर्षभर नोकरी नसलेल्या मुलाला दिवसातून तीन तास असे मिळतात जिथं तो लोकांना हवा असतो आणि कुणी 'काय झालं रे नोकरीचं' विचारत नाही. ते काढून घेऊन त्या जागी अभ्यास बसत नाही, तिथं रील बसतात. म्हणून ऑगस्टपुरता चौथा प्रकार केला: सरावाचा दिवस. उठणं साडेसातला, सकाळचं काम एकच आणि छोटं, कारखाना आणि फोनची वेळ तशीच, उजळणी तशीच, दुकान बंद. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवस झोप, मग साधा दिवस. तारीख आधीच लिहून ठेवली, त्यामुळे 'गणपतीत सगळं बिघडलं' असं म्हणायची वेळ आली नाही. एक ऑनलाइन परीक्षा मात्र नेमकी त्या दिवसांत आली, ती पेंगत दिली आणि गेली. एवढी किंमत मी धरलीच होती. दादाने धरली नव्हती, त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही.

लेझीम रेझ्युमेत 'नेतृत्वगुण' म्हणून लिहू का, असंही त्यानं विचारलं होतं. मी नको म्हटलं.

शेवटची मुलाखत

सप्टेंबरच्या अखेरीस एका छोट्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली. आत्या नेमकी गावाला, घराला कुलूप. अप्पांनी चारही माग पाऊण तास बंद ठेवले. मजुरीच्या कामात पाऊण तास म्हणजे पैसे, आणि त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. धाकट्यानंच मला सांगितलं.

मुलाखतीत सी चे प्रश्न झाले, व्होलटाइलही आलं. मग विचारलं, बोर्डवर आवाजाची घरघर आली तर कुठून सुरुवात करशील? याचं तोंड उघडलं ते मिटेना. घरघर १०० हर्ट्झची असेल तर आधी रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कपॅसिटर बघायचा, ५० ची असेल तर अर्थिंग आणि वायरचा मार्ग. मंडळाच्या ॲम्प्लिफायरमध्ये असं, लग्नाच्या मिक्सरमध्ये तसं. समोरच्यांनी पुढचे प्रश्न दुकानावरच विचारले. हे योगायोगानं घडलं. छंद कामाला आला म्हणून तो चांगला, असं मी धाकट्याला म्हणालो नाही, कारण मग उद्या लेझमीलाही हिशेब द्यावा लागेल.

भोसरीत बोर्ड टेस्टिंगचं काम मिळालं, सहा महिने ट्रेनी म्हणून. त्यानं टेस्टिंगचा रेझ्युमे पाठवला होता. राहणं दादाकडे. अप्पांनी कारखान्यातल्या अडीच तासांसाठी शेजारचा एक मुलगा रोजावर धरलाय.

साध्या दिवसाचा तक्ता आता बाद झाला. चाकणहून भोसरीला जाण्या-येण्यात, नाशिक रस्त्याच्या त्या गर्दीत, दिवसाचा मोठा तुकडा जातो. वहिनी आणि दादा दोघंही कामाला, स्वयंपाकाची पाळी याच्यावरही येते. मी परत एक आठवडा वही लिहायला सांगितली आहे. टेस्टिंगमध्येच राहून आतल्या आत सरकायचं, की सीडॅक या सरकारी संगणक संस्थेची प्रवेश परीक्षा देऊन एम्बेडेडचा सहा महिन्यांचा डिप्लोमा पूर्ण वेळ करायचा, हे त्याला ट्रेनिंग संपायच्या आत ठरवावं लागेल. दादा पहिल्या बाजूचा आहे, अप्पा अजूनही महावितरणच्या. परवा फोनवर तो सांगत होता की भोसरीत कंपनीच्या जवळच एक साउंडवाल्याचं दुकान आहे, पण आठला बंद होतं, आणि याची शिफ्ट साडेसातला सुटते.